एक्केचाळिसाव्या कप्प्यातले तीन अपघात

आमच्या बस डेपोत त्यांना सगळे टाइपबाई म्हणत. टायपिस्ट म्हणून त्या लागल्या तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे टाइपरायटर गेला, तो ज्या टेबलावर होता ते टेबल गेलं, टेबल ज्या खोलीत होतं ती खोली पाडून तिथे पाण्याची टाकी बांधली. नाव मात्र राहिलं. नव्याने आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटे. एका कंडक्टरने रजेच्या अर्जावर 'मार्फत श्रीमती टाइपबाई' असं लिहिलं होतं. मी हेडक्लार्क असल्यामुळे तो अर्ज माझ्याकडे आला. मी मंजूर केला.

खोली पाडल्यावर त्यांना टाइमकीपरच्या हाताखाली दिलं. टाइमकीपरच्या खोलीत भिंतभर एक लाकडी फळा होता आणि त्यावर पितळी आकड्यांच्या, म्हणजे हुकांच्या, रांगा. प्रत्येक आकड्याखाली ड्रायव्हरचा अनुक्रमांक. ड्रायव्हर कामावर आला की त्याचा पत्र्याचा बिल्ला आकड्याला लावायचा, पाळी संपली की काढायचा. जुने टाइमकीपर फार कमी बोलत. त्यांनी बाईंना एकच गोष्ट शिकवली: पाळी संपली की फळ्याकडे नुसतं बघायचं नाही, प्रत्येक आकड्यावरून हात फिरवायचा. एकदा एक बिल्ला मागे सरकून भिंतीला चिकटून राहिला होता, त्यामुळे घरी ताप घेऊन झोपलेला माणूस फळ्यावर दोन दिवस बस चालवत होता.

"दिसतंय ना रिकामं," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"डोळ्याला दिसतंय. हाताला विचारा," टाइमकीपर म्हणाले, आणि मग निवृत्त होईपर्यंत जवळजवळ काहीच म्हणाले नाहीत.

तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता बाई फळ्यासमोर उभ्या राहून डावीकडून उजवीकडे हात फिरवीत. दोन चष्मे गळ्यात दोऱ्यांनी लटकत असत, एक जवळचा आणि एक लांबचा. फळ्यासाठी त्या कुठलाच लावत नसत.

डेपोत काँप्युटर आला तेव्हा तो चालवायला माणूस दिला नव्हता. तो आठ महिने प्लॅस्टिकखाली होता. त्याच सुमाराला बाईंच्या मुलीने काँप्युटरचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून केस कापण्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. घरी कुणी आरडाओरडा केला नाही. पण बाईंचं एक तत्त्व होतं, की घरात आलेलं पुस्तक न वाचता घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. मुलीच्या पुस्तकांत सी भाषेतल्या प्रोग्रामिंगचं एक जाड पुस्तक होतं. बाईंनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सकाळी भाजी शिजेपर्यंत चार पानं. वय तेव्हा सेहेचाळीस. प्रत्येक प्रकरणाखालचे प्रश्न त्या वहीत सोडवत, आणि मुलगी वही तपासायची नाही म्हणून स्वतःच तपासून स्वतःलाच गुण देत. त्यांना एकदा दहापैकी चार मिळाले होते. ते त्यांनी मला सांगितलं.

घरी सासूबाई होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या. लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राला कळेल असा करून देणारा जो दुसरा प्रोग्राम असतो त्याला कंपायलर म्हणतात, आणि काही चुकलं की तो काम थांबवून आक्षेप लिहून देतो, हे बाईंनी त्यांना एकदा समजावून सांगितलं. तेव्हापासून बाई दारात चपला काढत असतानाच सासूबाई विचारीत, "काय गं, आज काय म्हणाला तुझा तो?"

"अकरा चुका काढल्या."

"माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. तो मोजायचा नाही, सरळ ताट सरकवायचा."

शेजारच्या बाईंचा यावरून बरेच दिवस गैरसमज होता.

दोन वर्षांनी बाईंनी महिन्याच्या तक्त्यांचा प्रोग्राम लिहिला. त्यातून दोन कागद निघत. पहिल्यावर, कोणता कंडक्टर किती वेळा उशिरा आला. दुसऱ्यावर, कोणत्या ड्रायव्हरचे किती अपघात झाले. अपघात म्हणजे आरसा फुटण्यापासून पुढचं सगळं. दोन्हीसाठी त्यांनी ॲरे वापरला होता. ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेले कप्पे, हे त्यांनी मला फळा दाखवून समजावलं आणि मला एका मिनिटात समजलं. कप्पे साठ. नावापुढे चौकटी कंसात साठ लिहायचे, मग बरोबरचं चिन्ह, मग महिरपी कंसात एक शून्य. एवढ्यावर साठही कप्प्यांत शून्य बसायचं. मग अपघाताच्या अहवालांचा गठ्ठा घ्यायचा आणि ज्याचा अहवाल असेल त्याच्या कप्प्यात एक मिळवायचा. सहा वर्षं हे सुरळीत चाललं. साहेबांनी, म्हणजे डेपो मॅनेजरांनी, तक्त्यावर कधी शंका घेतली नाही. ते वाचत होते का, हा वेगळा प्रश्न.

मग शेजारचा लहान डेपो आमच्यात मिळवला, आणि ड्रायव्हर चौसष्ट झाले. कंडक्टरही चौसष्ट.

"साठाचे शंभर करा," मी म्हणालो.

"आणि एकशे एक झाले की? दर वेळी मी आकडा वाढवत बसू?" बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा सुरुवातीलाच विचारायचं, कंडक्टर किती, ड्रायव्हर किती. जेवढी माणसं तेवढे कप्पे."

विचार चांगला होता. साठ खोडून त्यांनी तिथे संख्येचं नाव घातलं. संख्या प्रोग्राम चालू झाल्यावर कळणार. दोन्ही ॲरेंना तसंच केलं. कंपायलरने दोन्हींवर आक्षेप घेतला. त्याचं इंग्रजी बाईंनी शब्दकोश घेऊन माझ्यासमोर उलगडलं: ज्या वस्तूचा आकार बदलू शकतो तिला सुरुवातीची किंमत देता येणार नाही.

मुलीचं पुस्तक जुनं होतं. त्यात कप्प्यांची संख्या अशी मागाहून ठरवता येते हेच नव्हतं, तर पुढचं कुठून असणार? बाईंनी मला विचारलं, "हेडसाहेब, तुमच्याकडे आक्षेप येतात तेव्हा तुम्ही काय करता?"

कॉमर्सची पदवी घेऊन मी या खात्यात आलो त्याला चौतीस वर्षं झाली होती. या एका विषयात माझा अनुभव मोठा होता. मी म्हणालो, "आक्षेप ज्या शब्दांवर आहे ते शब्द काढायचे आणि उरलेलं पुन्हा पाठवायचं. मुख्य कचेरी दुसऱ्यांदा वाचत नाही."

बाईंनी बरोबरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आतलं शून्य काढलं. दोन्ही ठिकाणी. कंपायलरने एक शब्द न बोलता प्रोग्राम मंजूर केला.

"बघा," मी म्हणालो.

पहिल्या मंगळवारी नवे तक्ते निघाले. अपघातांच्या तक्त्यात पाच ड्रायव्हरांपुढे आकडे होते. त्यात अनुक्रमांक एक्केचाळीसपुढे तीन.

एक्केचाळीस म्हणजे गोगलगाय. हे नाव त्यांना प्रवाशांनी दिलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. ते उभ्या गाडीलाही हॉर्न देत. वळणाच्या आधी इतक्या लवकर वेग कमी करत की काही प्रवासी उतरून, वळण चालत पार करून, पलीकडे पुन्हा चढत. त्यांच्या गाडीचा अपघात व्हायचा तर समोरच्यालाच मागे येऊन धडक द्यावी लागली असती. त्यांची निवृत्ती पाच आठवड्यांवर आली होती. डेपोच्या मोठ्या दालनात एक निळा फलक आहे. पूर्ण नोकरीत एकही अपघात न झालेल्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात लिहितात. चाळीस वर्षांत नऊ नावं. दहाव्या नावाची जागा गोगलगायीने गेली पाच वर्षं रोज येताजाता पाहिली होती, आणि एकदा रुमालाने पुसलीही होती.

तक्त्यावर ड्रायव्हरांनी सही करायची असते. ती झाली की शनिवारी दुपारी तक्ता मुख्य कचेरीला जातो आणि मग त्यातलं काही बदलत नाही. महिन्यात तीन अपघात असले तर ड्रायव्हरला गाडीवरून उतरवून यार्डात देतात, धुवायच्या गाड्या पुढेमागे करायला.

बाकीच्या चौघांनी सह्या केल्या. त्यांतल्या तिघांना आपण काही ठोकल्याचं आठवत नव्हतं, पण ठोकलं असेल असं त्यांना वाटलं. त्यातल्या एकाने तर खुलासाही लिहून दिला: मागे घेताना दिव्याच्या खांबाला लागलं, खांब रस्त्याच्या फार जवळ आहे. मी तो फायलीला लावला.

गोगलगाय तक्ता घेऊन बाईंच्या खोलीत आले. मी तिथेच होतो.

"बाई, हे तीन कोणाचे?"

"तुमच्यापुढे आहेत, काका."

"माझ्यापुढे आहेत ते दिसतंय. कोणाचे आहेत?"

बाईंनी अपघातांच्या अहवालांचा गठ्ठा उघडला. त्या महिन्यात अहवाल दोनच होते, आणि दोन्ही सात नंबरच्या ड्रायव्हरचे. एक्केचाळीसचा एकही नव्हता. आम्ही तिघंही साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, "कागद हरवतो. काँप्युटर हरवत नाही."

"साहेब, तीन वेळा ठोकलं असतं तर मला कळलं नसतं का?" गोगलगाय म्हणाले.

"तुम्ही इतकं हळू चालवता, लागलेलं कळलं नसेल."

बाईंनी तक्ता पुन्हा काढून बघते म्हणून सांगितलं. पुन्हा काढला. तीन आले. तिसऱ्यांदा काढला. तीनच आले.

"तीन वेळा तीन," साहेब म्हणाले. "आणखी काय पाहिजे? शनिवारपर्यंत हे तीन कुठून आले ते दाखवा, मी खोडतो. नाही तर सही करायला सांगा त्यांना."

गोगलगायीने सही केली नाही. ते बाहेर जाऊन गाडीवर बसले आणि वेळेवर निघाले; म्हणजे त्यांच्या वेळेवर.

बुधवारी आणि गुरुवारी बाईंनी प्रोग्रामची प्रत्येक ओळ पट्टीखाली धरून वाचली. मिळवण्याची ओळ बरोबर होती. अनुक्रमांक बरोबर होते. गुरुवारी डबा तसाच परत गेला. सासूबाईंनी विचारलं, आज काय म्हणाला?

"काहीच म्हणत नाही."

"मग काळजीचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी कंडक्टरांचा तक्ता फायलीला लावायचा राहिला होता. दोन्ही तक्त्यांना एकत्र भोक पाडायचं म्हणून बाईंनी ते एकावर एक ठेवले, कडा जुळतात का बघायला खिडकीच्या काचेवर धरले, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हेडसाहेब, तुमची लाल पेन्सिल घेऊन या."

कागद पातळ होता आणि ऊन मागून येत होतं. कंडक्टरांच्या तक्त्यात पाच जण उशिरा आलेले होते: सात, एकोणीस, अठ्ठावीस, एक्केचाळीस, पंचावन्न. ड्रायव्हरांच्या तक्त्यात तेच पाच अनुक्रमांक. एकोणिसावा कंडक्टर दोनदा उशिरा आला होता, एकोणिसाव्या ड्रायव्हरचे अपघात दोन. अठ्ठावीसला एक, एक. पंचावन्नला चार, चार. एक्केचाळिसावा कंडक्टर तीनदा उशिरा आला होता. आकडे एकमेकांवर इतके नेमके बसले होते की काचेवर ते एकाच तक्त्याचे वाटत होते. मी एकेकाला खूण करत गेलो.

"सात जमत नाही," मी म्हणालो. "कंडक्टर एक, ड्रायव्हर तीन."

"सातचे दोन अहवाल आहेत. खरे. एक आणि दोन, तीन." बाईंनी कागद खाली घेतले. "पुसलंच नाही आपण."

मग त्या फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मला सांगू लागल्या. मला की फळ्याला हे नक्की सांगता येत नाही. कप्पे किती हे आधी ठरलेलं असलं की कंपायलर शून्यं वाटून ठेवायची तयारी करतो. किती ते चालू झाल्यावर कळणार असेल तर तो शून्यं किती घेणार आणि कुणाला वाटणार? म्हणून तो नाही म्हणाला. कप्पे देतो, पुसून देत नाही. जागा मिळते ती आधी कुणी तरी वापरलेली. प्रोग्रामने कंडक्टरांचं काम संपवलं, त्यांची जागा सोडली, आणि लगेच चौसष्ट ड्रायव्हरांना त्याच चौसष्ट जागा दिल्या. कंडक्टरांचा उशीर आम्ही कप्प्यात सरळ लिहीत होतो, त्यामुळे आधी काय होतं त्याने बिघडलं नाही. अपघात मात्र आहे त्यात मिळवत होतो.

"तो नाही म्हणाला तेव्हा काय करायला पाहिजे होतं?" मी विचारलं.

"जे तो करणार नाही ते आपण करायचं होतं. आपण त्याला गप्प केलं."

'आपण' हा शब्द त्यांनी सौजन्याने वापरला होता.

दुरुस्ती तीन ओळींची होती. पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं आणि प्रत्येकात शून्य ठेवायचं. मग मोजायला सुरुवात. कंडक्टरांच्या ॲरेलाही, गरज नसताना, त्यांनी तेच केलं. एका ओळीत सगळे कप्पे पुसण्याची एक सोय पुस्तकात आहे असं त्या म्हणाल्या, पण वापरली नाही.

नवा तक्ता निघाला. सातपुढे दोन. बाकी काही नाही.

आम्ही साहेबांकडे गेलो तेव्हा गोगलगाय आधीच दाराबाहेर उभे होते. त्यांची गाडी सव्वा तासाने सुटणार होती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे काँप्युटर चुकला?"

"नाही साहेब. त्याने आधीच सांगितलं होतं. मी ते शब्द काढून टाकले."

"का काढले?"

बाई माझ्याकडे बघू शकल्या असत्या. त्या समोर बघत राहिल्या. मी म्हणालो, "मी काढायला सांगितलं."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. बाईंनी त्यांना उठवून फळ्यापाशी नेलं.

"साहेब, सकाळच्या पाळीचे बिल्ले न काढता मी इथे दुपारच्या पाळीची मोजणी केली तर?"

"तर काय, गोंधळ. नसलेली माणसं असलेली होतील."

"तेच झालंय. हे तीन बिल्ले कंडक्टरचे आहेत." आणि दोन्ही कागद खिडकीवर धरले.

साहेबांनी काचेजवळ तोंड नेऊन पाचही आकडे वाचले. मग जुना तक्ता आडवा खोडला आणि मला म्हणाले, "हे काय झालं ते लिहून द्या. तुम्ही द्या, बाईंनी नको." मी दिलं. टिपणीच्या शेवटी मी सही केली. माझ्या नोकरीत माझ्याविरुद्ध लिहिलेला तो एकच कागद, आणि मसुदा चांगला आहे.

खांबाचा खुलासा देणाऱ्याला मी बोलावून सांगितलं की तुमचा अपघात झालेला नाही, खुलासा परत घ्या.

"आता लिहिलंय तर राहू द्या," तो म्हणाला.

मी जाऊन तो खांब पाहून आलो. तो खरोखरच वाकलेला होता. मग मी खुलासा फायलीतच ठेवला.

गोगलगायीला नवा तक्ता सहीसाठी दिला. त्यांनी चष्मा लावला, एक्केचाळीसवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. सही केली नाही.

"आता काय काका?" बाईंनी विचारलं.

"इथे काहीच नाही."

"शून्य असलं की जागा कोरी सोडते मी. पहिल्यापासून."

"कोरी नको. मागच्या वेळीही तुम्हाला ते आतून कोरंच वाटत होतं ना?" ते म्हणाले. "शून्य घाला."

बाईंनी जवळचा चष्मा लावला, प्रोग्राम उघडला, कोरी जागा सोडण्याची ओळ काढली. कंपायलरचा आक्षेप आला नाही. तरी त्यांनी तक्ता छापण्याआधी चौसष्टही ओळी पडद्यावर खालपर्यंत नेऊन पाहिल्या. मग कागद बाहेर आला. त्रेसष्ट शून्यं आणि सातपुढे दोन. गोगलगायीने एक्केचाळीसपुढचं शून्य पाहिलं, सही केली, आणि बस काढायला गेले. शनिवारी दुपारी तक्ता गेला.

पाच आठवड्यांनी निळ्या फलकावर दहावं नाव लागलं. रंगाऱ्याला ते लिहायला पाऊण तास लागला, कारण ज्याचं नाव होतं तो मागे उभा राहून सावकाश, सावकाश म्हणत होता.

त्यानंतर पितळी फळा काढून टाकावा असा मुख्य कचेरीचा आदेश आला. त्यावर मी आक्षेप घेतला आहे. आक्षेप आहे ते शब्द काढून त्यांनी आदेश पुन्हा पाठवला नाही, म्हणून फळा आहे. आता नवे कंपायलर निघाले आहेत, त्यांत कंस रिकामा ठेवून लिहिलं की मागाहून ठरणाऱ्या कप्प्यांतही आपोआप शून्यं बसतात, असं बाईंच्या मुलीने तिच्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकून घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे तो सुधारला का? बाई म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे. त्यांच्या प्रोग्राममधल्या त्या तीन ओळी अजून तशाच आहेत. काल दुपारी दोन वाजता मी त्यांच्या खोलीवरून गेलो तेव्हा त्या फळ्यासमोर होत्या आणि त्यांचा हात तिसऱ्या रांगेच्या मध्यावर आला होता.